सोळा गाठी

मुनसफी जळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावाला कळलं, की तिचा एकही फोटो कुणाकडं नाही.

तसे फोटो ढिगानं होते. गावात माणशी एक मोबाइल, आणि मुनसफी अशी मोक्याला, की स्टँडवरून बाजारात जाणाऱ्याच्या ती तोंडावरच यायची. वराती तिच्यासमोर, जयंत्या तिच्यासमोर, मोर्चे आणि उपोषणं तिच्यासमोर. पण जो फोटो उघडावा त्यात इमारतीच्या जागी माणसांची तोंडं. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. निवड झाल्याबद्दल जाहीर अभिनंदन. दहावीत छप्पन टक्के मिळवल्याबद्दल कौतुक. पाच कमानींवर पाच फ्लेक्स, वरच्या सज्ज्यावर आडवा सहावा. वीस वर्षं ती इमारत धुणं वाळत घालायच्या दोरीसारखी राबली. जळाल्यावर मात्र जो तो छातीवर हात ठेवून म्हणू लागला, "आपली ऐतिहासिक वास्तू गेली." कशी दिसायची, असं विचारलं की तोच माणूस चहा सांगायला उठायचा.

ती कशी दिसायची हे एकाला नेमकं ठाऊक होतं. सत्तार पेंटरला. कारण तिला झाकायचं काम त्याच्याकडं होतं.

मुनसफी म्हणजे निजामाच्या काळातलं मुन्सफाचं कोर्ट. दगडी जोतं, सागवानी छत, पाच कमानी आणि प्रत्येक कमानीच्या लाकडी चौकटीवर कोरलेला द्राक्षाचा वेल. पुढं कोर्ट तालुक्याला गेलं. मग तिथं वाचनालय झालं, मग शिधावाटपाचं गोदाम झालं, मग काहीच झालं नाही. जे काहीच नाही ते गावात सगळ्यांचं असतं. तसं झालं.

सत्तारनं ऐन उमेदीत या गावाला अक्षरं दिली होती. किराणा दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरचे आईवडिलांचे आशीर्वाद, पिठाच्या गिरणीवरची 'उधारी बंद'. निवडणुकीत दोन्ही बाजूंची चिन्हं तो एकाच दिवशी, एकाच ब्रशनं काढायचा आणि दोन्हीकडं सारखाच रंग घालायचा. त्याचा 'ळ' तर चौसाळ्यापासून घाटनांदूरपर्यंत लोक ओळखायचे. पाटीखाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सत्तार' असायचं, पण 'ळ' बघितल्यावर ते कुणी वाचत नसे.

मग स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान निघालं. सत्तार ते यंत्र बघायला गेला आणि हसत परत आला. "दोन उन्हाळ्यात उडंल हा रंग," तो म्हणाला. त्याचं म्हणणं अगदी खरं ठरलं. रंग दोन उन्हाळेसुद्धा टिकला नाही. म्हणून लोक दर दोन महिन्यांनी नवीन फ्लेक्स करू लागले आणि सत्तारचे ब्रश डब्यात वाळून काडी झाले. एके दिवशी चार जण त्याच्या दारात आले. त्याला वाटलं, पाटीचं काम. त्यांना त्याची शिडी पाहिजे होती. शिडीबरोबर तोही गेला, आणि तेव्हापासून सत्तार पेंटर फ्लेक्स बांधू लागला. नाव तेवढं पेंटरच राहिलं.

पहिल्या वर्षी तो नुसत्या दोऱ्या बांधायचा. मग वारं सुटलं की नेत्यांची तोंडं फडफडतात अशी तक्रार आली. तेव्हा त्यानं चौकटीत खिळे ठोकले. कोरलेल्या पानाला धक्का नको म्हणून दोन पानांमधली खोबण बघून ठोकायचा, आणि त्यात आपण फार मोठं राखलं असं समजायचा. शिडीवर उभं राहिलं की वेल त्याच्या नाकासमोर यायचा. तिसऱ्या कमानीवर कोरणाऱ्यानं चूक केली होती. तिथं वेल उजवीकडून डावीकडं गेला होता, बाकीच्या चारांवर डावीकडून उजवीकडं. ही चूक गावात फक्त सत्तारला माहीत होती. ती रोज बघायची, तिच्यावर कुणाचं तरी तोंड ताणायचं आणि खाली उतरायचं.

आता उतरवलेल्या फ्लेक्सचं काय करायचं, हा मोठा प्रश्न झाला होता. आधी शेतकरी न्यायचे, कडब्यावर झाकायचे. पण बंकट नावाच्या एका गुराख्याच्या म्हशीनं कडब्याबरोबर भाऊंचा उजवा कान खाल्ला. भाऊ म्हणजे भाऊच. गावात दुसरा भाऊ कुणाला म्हणायची सोय नव्हती. भाऊंची माणसं बंकटच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. बंकटनं उरलेल्या फ्लेक्सला हार घालून माफी मागितली तेव्हा प्रकरण मिटलं. म्हैस मात्र अखेरपर्यंत निर्ढावलेलीच राहिली. त्यानंतर ठरलं, की कुठल्याच नेत्याचं तोंड उकिरड्यावर, कडब्यावर किंवा संडासाच्या आडोशाला दिसता कामा नये. सगळे फ्लेक्स गुंडाळून सन्मानानं मुनसफीत ठेवायचे. अशी आठ-नऊ वर्षांची शुभेच्छा सागवानी छताखाली गच्च भरून राहिली. फ्लेक्स किती भडकून पेटतो, हे गावातल्या प्रत्येक चुलीला माहीत होतं.

मार्चमध्ये भाऊंचा वाढदिवस आला. दिवस मावळायला टेकला होता. सत्तार शिडीवर शेवटची दोरी ओढत होता आणि खाली व्हरांड्यात भाऊंचा उजवा हात परमेश्वर फटाक्यांचे खोके मांडत होता. 

"अरे बाबा, भाईर लाव की मोकळ्यात," सत्तार वरून म्हणाला.

"चाचा, तुमी गाठी मारा. आमाला शिकवू नका," परमेश्वर म्हणाला. "व्हरांड्यातून उडलं म्हंजी कसं, बिल्डिंगमधून निघाल्यासारखं दिसतंय. रील बनती."

रील बनली. पहिले सहा बार आभाळात गेले. सातव्यानं खोकं कलंडलं, आणि आठवा फुटक्या तावदानातून आत, शुभेच्छांच्या ढिगात. सत्तार शिडीवरून उतरेपर्यंत आतून उजेड आला. त्याला आधी वाटलं, कुणी दिवे लावले. मुनसफीचं मीटर काढून नेल्याला अकरा वर्षं झाली होती.

गाव धावून आलं. बादल्या चार आल्या आणि मोबाइल चारशे. पुढचे फ्लेक्स आतल्या आचेनं वितळू लागले, तसे नेत्यांचे गाल लोंबले, हसू हनुवटीपर्यंत आलं, आणि लोक एकमेकांना म्हणू लागले, "आरं, झूम कर, झूम कर."

बंब लवकर आला, हे कबूल केलं पाहिजे. स्टँडपाशी येऊन तो थांबला, कारण रस्त्यावर दोन खांबांच्या मधे स्वागताचा आडवा फ्लेक्स ताणला होता. तो खाली झोळीसारखा लोंबत होता आणि बंबावरची शिडी त्याच्या खालून जात नव्हती. फ्लेक्सवर भाऊ हात जोडून उभे होते, ट्रॅक्टरएवढे.

"फाडा ना तो!" बंबवाला ओरडला.

कुणी जागचं हललं नाही. 

"फाडा म्हणतो ना! नाहीतर गाडीच घालतो."

त्यानं गाडी रेटली तसे चौघे आडवे झाले. परमेश्वर कानाला मोबाइल लावून पळत आला. भाऊ शेजारच्या गावात सत्काराला गेलते, तिथं डीजे चालू होता, फोन कोण उचलणार? "फाडला आन कुणी व्हिडिओ काढला तर?" परमेश्वर म्हणाला. "उद्या विरोधक म्हणतील, भाऊच्या वाढदिवसाला भाऊच फाडला. मग? जबाबदार कोण?" आणि ही गोष्ट जमलेल्या पाच-पन्नास शहाण्यांना पटली. मागं छत कडकडत होतं आणि पुढं भाऊंचं तोंड कसं वाचवावं यावर चर्चा चालली होती.

"चाचाला बलवा," कुणीतरी म्हणालं. "त्यांनी बांधलाय, ते सोडतील."

सत्तारला शिडीसकट आणलं. "चाचा, गाठी सोडा. हळू. फाटू देऊ नका बरं का."

त्या फ्लेक्सला सोळा गाठी होत्या. सत्तारच्याच. त्याची गाठ सुटत नाही असा त्याचा लौकिक होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याच्या खिशात दोरी कापायचा चाकू होता. सकाळीच त्यानं तो दगडावर घासला होता. एक झटका डावीकडं, एक उजवीकडं, आणि भाऊ रस्त्यावर आले असते. सत्तारनं चाकूला हात लावला नाही. त्यानं नखांनी पहिली गाठ धरली.

पहिली, दुसरी, तिसरी. बंबवाला शिव्या देत होता. नवव्या गाठीला सत्तारचं नख उलटलं. बाराव्या गाठीला मुनसफीचा सज्जा खाली आला. लोकांनी "ओऽऽ" केलं आणि काढलेलं परत बघितलं. सोळावी गाठ सुटली, चौघांनी भाऊंना नवरीच्या शालूसारखं अलगद झेललं, घडी घातली, आणि बंब पुढं गेला. तोवर छत बसलं होतं. बंबानं सगळं पाणी चार भिंतींवर मारलं.

चौथ्या दिवशी शोकसभा झाली. भाऊंना भाषणात हुंदका आला. वास्तूचं स्मारक करण्यासाठी समिती नेमली गेली, आणि समितीत बंबाला आडवे झालेले ते चौघे घेतले गेले.

कारण मात्र लागतं. कागदाला कारण लागतंच. आधी शॉर्ट सर्किट ठरलं होतं, पण मीटरची अडचण आली. मग कुणाला तरी बायनाबाई आठवली. डाव्या बाजूच्या पहिल्या कमानीखाली शेगडी मांडून ही म्हातारी शेंगा आणि फुटाणे भाजायची. तीस वर्षं तिथंच. मुनसफीत शेवटपर्यंत रोज वेळेवर येणारी ती एकटीच. शेगडी म्हणजे आग, आग म्हणजे शेगडी. सोपं होतं.

परमेश्वर सत्तारच्या घरी आला, तेव्हा त्यानं आल्या आल्या चप्पल काढली. सत्तारनं ओळखलं, काहीतरी मोठं काम आहे.

"चाचा, गावात कलाकार म्हणावा असा एक तुमीच हाय," परमेश्वर म्हणाला. "भाऊ म्हनले, पेंटरचाचाला सांगा. स्मारकाला मुनसफीचं चित्र पाहिजे. पत्र्यावर, हातानं रंगवल्यालं. दहा बाय आठ. फोटोच न्हाई ना कुनाकडं! तुमी रोज बघितलीय."

वीस वर्षांत सत्तारला कुणी 'हातानं' असं म्हणालं नव्हतं.

"खाली तुमचं नाव टाका. मोठं टाका," परमेश्वर म्हणाला. "आन हां, सोमवारी जरा ठाण्यात या. दोन वळींचा जबाब. बायनाबाईची शेगडी पेटल्याली होती, येवढंच."

"ती त्या दिवशी चौसाळ्याला गेलती. लेकीकडं."

"गेलती का?" परमेश्वर हसला. "तुमी शिडीवर होता चाचा. वरून खालचं काय दिसतंय? आन म्हातारीला कोण फासावर देणार हाय का? तारीख पडंल, जाईल, येईल. तिला तेवढंच फिरनं."

हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं, की सत्तारची बायको इमामबी आतून चहा घेऊन येत होती, ती तशीच कप घेऊन परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी पत्रा आला, रंग आले, नवे ब्रश आले. सत्तारनं अंगणात पत्रा भिंतीला टेकवला आणि दोन तास नुसता बसून राहिला. मग त्यानं जोत्याची पहिली रेघ ओढली, आणि ती सरळ आली. त्यानंतर तो जेवायलाही उठला नाही. दगडांचे थर, सज्ज्याचे कठडे, एक कमान, दोन कमानी. तिसऱ्या कमानीवर त्यानं वेल उलटा काढला. वीस वर्षं तोंडावर तोंड ताणून जे झाकलं, ते त्याच्या बोटांत सगळं जमा होतं. पान न् पान.

आणि पानांच्या मधे तो काळे ठिपके देत गेला.

इमामबी मागं येऊन उभी राहिली. "ये माशा कायकू बिठाए जी?"

"खिळे हैं."

इमामबीनं एका कमानीवरचे ठिपके मोजले. "इत्ते?" एवढंच म्हणाली.

चौथी कमान झाली, पाचवी झाली, आणि पहिल्या कमानीखालची डावी बाजू रिकामी राहिली. बायनाबाईची जागा. ती काढली, तर म्हणतील, बघा, पेंटरनंच शेगडी दाखवली. नाही काढली, तर मुनसफी खोटी. बायनाबाईशिवाय ती इमारत त्यानं एकही दिवस बघितली नव्हती. त्या आगीच्या दिवसाखेरीज. रविवार दुपारपर्यंत सत्तार तिथं एक रेघही ओढू शकला नाही.

तेवढ्यात बायनाबाईच आली. कमरेवर हात ठेवून तिनं चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बरी काढलीस की रं," ती म्हणाली. "मला न्हाई काढलं? कावून? मेले का मी?"

"आक्का, तुमाला काढलं तर शेगडी काढावी लागंल."

"मंग काढ की शेगडी. माझीच हाय. चोरीची हाय का?" ती जवळ आली. "फकस्त तिच्यात इस्तू घालू नको. त्या दिवशी इस्तू नव्हता. त्वा शिडीवरून बघितलंस. मी नव्हते, माझी शेगडी पालथी होती, आन तुझी शिडी माझ्या पालथ्या शेगडीला टेकून उभी होती म्हणं. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मला परमेश्वर सांगून गेला, सत्तारभाई उद्या जबाब देणार हाय म्हणून. चांगलं झालं म्हणलं, देणारा तरी धड माणूस हाय." ती खाली बसली. "लोक म्हणत्यात, तुझ्या खिशात चाकू होता त्या दिवशी. खरं का?"

सत्तार ब्रश पुसत राहिला.

"सोळा गाठी," बायनाबाई म्हणाली. "मी तितं असते ना, दातानं तोडला असता तुमचा भाऊ." आणि पदरातल्या शेंगा तिनं त्याच्यापुढं ठेवल्या. "घे. गार हायेत. भाजाया जागा कुठं राह्यली आता."

ती गेल्यावर सत्तारनं पहिल्या कमानीखाली बायनाबाई काढली. शेगडी काढली, पालथी. 

सोमवारी ठाण्यात हवालदारानं जबाबाचा कागद आधीच तयार ठेवला होता. सही तेवढी राहिली होती. परमेश्वर बाकावर बसून मोबाइल बघत होता.

"वाचून दाखवा सायेब," सत्तार म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आला, की हवालदारानं "आँ?" केलं. तो परत म्हणाला. हवालदारानं वाचलं. शेगडी पेटलेली होती, ठिणगी उडाली, वगैरे.

"हे माझं न्हाई. माझं मी सांगतो, तसं लिहा."

परमेश्वरनं मान वर केली. "चाचा?"

सत्तारनं त्याच्याकडं बघितलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं. म्हणून तो टेबलावरच्या शाईच्या डागाकडं बघून बोलला. खोकं कुठं ठेवलं, कुणी ठेवलं, कितवा बार कुठल्या तावदानातून गेला. बायनाबाई कुठं गेली होती. बंब कशासाठी थांबला, कोण आडवं झालं. चित्र काढताना जसं पान न् पान आलं होतं, तसं सगळं येत गेलं. हवालदार लिहिता लिहिता दोनदा परमेश्वरकडं बघून थांबला आणि दोनदा परत लिहू लागला, कारण बाहेर दारात बायनाबाई येऊन बसली होती आणि मोठमोठ्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती, की आत सत्तारभाई खरं बोलतोय, ऐकायचं असंल तर या, पैसे पडत न्हाईत.

"आता माझ्या चाकूचं लिहा," सत्तार म्हणाला.

"कसला चाकू? त्याची गरज नाही."

"हाय गरज. माझ्या खिशात चाकू होता आन मी हातानं सोळा गाठी सोडल्या. लिहा."

"अहो, ते तुमच्याच अंगावर येईल."

"माझंच हाय ते."

परमेश्वर उठून उभा राहिला. "चाचा, चित्राचं मग बघून घ्या," तो म्हणाला आणि गेला. सत्तारनं जबाबाखाली सही केली. रंगारी माणसाची सही. त्या फायलीत एवढं सुबक अक्षर दुसऱ्या कुणाचं नसेल.

पुढं काय झालं? फार काही झालं नाही. बायनाबाईचं नाव कागदातून निघालं, हे झालं. परमेश्वरचं नाव आलं नाही. कारणाच्या जागी 'अज्ञात' लिहिलं गेलं. चारशे मोबाइलांनी टिपलेलं अज्ञात. स्मारकाचं भूमिपूजन झालं आणि जळक्या भिंतीवर वीस फुटी फ्लेक्स लागला. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवरून कुठली तरी इमारत उचलली होती. तिला दोन घुमट होते आणि पुढं नारळाची झाडं. 'आपल्या लाडक्या वास्तूस भावपूर्ण श्रद्धांजली.' वास्तू लहान, भाऊ मोठे. लोकांनी बघून माना हलवल्या, "डिट्टो मुनसफी," म्हणाले आणि फोटो काढले. आता गावाकडं मुनसफीचे भरपूर फोटो आहेत.

तो फ्लेक्स सत्तारनं बांधला नाही. त्याच्याकडं शिडी मागायला आले तेव्हा इमामबीनं दारातूनच सांगितलं, शिडी मोडली. शिडी अंगणात धडधाकट उभी होती आणि मागणाऱ्यांना ती दिसत होती.

पत्रा आणून द्या, असा निरोपही समितीकडून आला नाही. महिनाभर तो भिंतीला टेकून होता. मग एक दिवस बायनाबाई हातगाडी घेऊन आली. तिला नवी जागा मिळाली होती, रस्त्यापलीकडं, उघड्यावर. वाऱ्यानं शेगडी विझायची. "आडोशाला दे की तो पत्रा," ती म्हणाली, "हितं काय अंडी घालणार हाय का?"

आता मुनसफी तिथं उभी असते, बायनाबाईच्या पाठीमागं, धुरानं थोडी काळवंडलेली. शेंगा घ्यायला थांबलेले लोक चित्राकडं बघतात आणि ही कुठली बिल्डिंग म्हणून विचारतात. बायनाबाई शेंगा मोजता मोजता हनुवटीनं रस्त्यापलीकडच्या भिंतीकडं खूण करते. ते वळून बघतात, त्यांना घुमट आणि नारळाची झाडं दिसतात, आणि म्हातारीला काही कळत नाही असं त्यांच्या तोंडावर उमटतं.

कुणी कुणी वेलावर बसलेल्या माश्या हाकलायला हात उगारतं. माश्या उडत नाहीत. मग बायनाबाई हसते, आणि संध्याकाळी सत्तार शेंगांना आला की त्याला त्या दिवशी किती जणांनी हात उगारला ते सांगते. सत्तारला हसू येत नाही. तो पुडी घेतो, गाठ सोडतो, आणि तिथंच उभा राहून खातो.